तिची चाल, त्याच्या तोंडी

खोलीत पाऊल टाकलं तर जॅमचा वास. स्ट्रॉबेरी शिजत आली, साखर कडेला किंचित धरू लागली की येतो तसा. आजोळी मे महिन्यात साखरआंब्याच्या पातेल्याभोवती असायचा, त्याच जातीचा. लंडनमधल्या एका पबची मागची खोली. साठेक खुर्च्या, त्याही एका घडणीच्या नाहीत. कोपऱ्यात उभा पियानो. मधोमध विजेच्या शेगडीवर एक पातेलं आणि त्यात लाकडी चमचा फिरवत बसलेली पासष्टीपुढची एक बाई. मला वाटलं पबमधलंच कुणी असेल, वेळ झाली की पातेलं उचलून नेईल. आम्ही कोट काढून शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर टाकले आणि बसलो. पियानो सुरू झाला. दाराआडून दोन मुलींचं गाणं ऐकू यायला लागलं, आणि थोड्या वेळानं त्या बाईनं मान वर न करता, चमचा न थांबवता त्यात आपला सूर सोडला. तेव्हा कळलं, ही फिलिप्येव्ना. तात्यानाला लहानाची मोठी केलेली दाई.

‘येव्गेनी ओनेगिन’ हा रशियन कवी पुश्किनच्या पद्यकादंबरीवरचा चायकोव्हस्कीचा ऑपेरा मी त्याआधी तीनदा पाहिला होता, तिन्ही वेळा पडद्यावर. मोठी थिएटरं, मोठे गळे, बर्चची झाडं, झुंबरं. भाचीनं तिकिटं काढली आणि म्हणाली, “मावशी, तुझ्या त्या पुश्किनचं आहे काहीतरी, पण पबमध्ये आहे हं.” तिला वाटलं मी नाक मुरडेन. मी मुरडलंही. पियानो, क्लॅरिनेट, चेलो आणि एक व्हायोलिन, एवढ्यावर चायकोव्हस्की? आणि तेही इंग्रजीत?

माझं रशियन पुण्यातलं, रानडे इन्स्टिट्यूटमधलं, ऐंशीच्या दशकातलं. प्रगती आणि रादुगा प्रकाशनाची गुळगुळीत कागदाची स्वस्त पुस्तकं घरात होती. त्यांच्या नादानं मी त्या वर्गात जाऊन बसले. आमच्या बाईंनी व्याकरणाच्या आधी तात्यानाचं पत्र पाठ करून घेतलं. रशियात शाळकरी पोरं ते पाठ करतात, मग तुम्हाला काय धाड भरली आहे, असा त्यांचा सवाल. ‘या क वाम पिशू’ अशी त्याची सुरुवात. मी तुम्हाला लिहिते आहे, याहून आणखी काय सांगू. पाठ केलं तेव्हा अर्थापेक्षा विभक्तीप्रत्ययांचीच धास्ती जास्त होती. पण लहानपणी पाठ केलेल्या गोष्टींचं असं असतं की त्या मागाहून, त्यांच्या सवडीनं कळत जातात.

गोष्ट चार ओळींची. खेड्यातल्या लारिना या जमीनदारीण बाईंच्या दोन मुली, थोरली तात्याना पुस्तकांत बुडालेली, धाकटी ओल्गा हसरी. ओल्गाचा कवी मित्र लेन्स्की एक दिवस पीटर्सबर्गहून आलेल्या ओनेगिनला घरी घेऊन येतो. तात्याना त्याच रात्री त्याला पत्र लिहिते, तो सभ्यपणे नकार देतो. पुढे एका नाचाच्या रात्री कंटाळ्याच्या भरात ओल्गाशी लगट करून तो लेन्स्कीला डिवचतो, द्वंद्व होतं, लेन्स्की मरतो. काही वर्षांनी पीटर्सबर्गच्या मेजवानीत ओनेगिनला तात्याना भेटते. आता ती वयस्क प्रिन्स ग्रेमिनची बायको आहे. आता तो तिच्यासाठी वेडा होतो. ती म्हणते, माझं तुमच्यावर प्रेम आहे, आणि निघून जाते. संपलं.

यात ऑपेराला लागतं ते काय आहे? चायकोव्हस्कीला १८७७च्या मे महिन्यात येलिझाव्हेता लाव्ह्रोव्स्काया या गायिकेनं बोलता बोलता हा विषय सुचवला, तेव्हा त्यालाही तो वेडगळपणाच वाटला होता. मग एका खाणावळीत एकटाच जेवत असताना तेच डोक्यात घोळू लागलं. पुश्किनची प्रत मिळवली, रात्रभर झोप नाही, सकाळपर्यंत प्रसंगांचा आराखडा तयार. ज्या पुस्तकाच्या ओळी प्रत्येक शिकलेल्या रशियन माणसाला तोंडपाठ, त्याला हात लावायचा, हे धाडसच. आपल्याकडे कुणी ज्ञानेश्वरीची संगीतिका करायला घेतली तर जो गदारोळ होईल, त्याच्या जवळपासचं काहीतरी.

त्यानं त्याला ऑपेरा म्हटलंच नाही. ‘काव्यमय प्रसंग’ असं नाव दिलं, तीन अंक, सात प्रसंग. सरकारी नाट्यगृहांची त्याला धास्ती होती. तिथं तात्याना म्हणून कुणी पोक्त, नावाजलेली बाई उभी करतील, आणि कोरस म्हणून मेंढरांचा कळप. त्याला हवी होती कोवळी, साधी, नीट तालीम केलेली मुलं. आणि कोरसमध्ये माणसं. म्हणून त्यानं हे मॉस्को कॉन्झर्व्हेटरीच्या विद्यार्थ्यांच्या हाती दिलं. २९ मार्च १८७९ला मॉस्कोच्या माली थिएटरात निकोलाय रुबिनस्टाइनच्या हाताखाली विद्यार्थ्यांनी पहिला प्रयोग केला; तात्याना होती मारिया क्लिमेंतोव्हा. माली या शब्दाचा अर्थच लहान. प्रयोग काही डोक्यावर घेतला गेला नाही. १८८१मध्ये बोल्शोय थिएटरनं तो उचलला. बोल्शोय म्हणजे मोठं! मग १८८४ला पीटर्सबर्गला गाजला, आणि तेव्हापासून ही छोट्या खोलीसाठी बेतलेली गोष्ट झुंबरांखालीच राहिली. आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात जवळपास ३८०० प्रेक्षकांपुढे एक मुलगी आपल्या झोपायच्या खोलीत चोरून पत्र लिहिते.

दीड तास मी जे पाहिलं ते या मोठेपणाच्या उलट दिशेनं चाललं होतं. पण ती दिशाही नवी नाही. पबमधल्या त्या मंडळींच्या आधी शंभर वर्षं रशियन नाट्यदिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्कीनं हेच केलं होतं, आणि तेही हौसेनं कमी, गरजेनं जास्त. क्रांतीनंतर १९२१मध्ये त्याला मॉस्कोच्या लिओन्त्येव्स्की गल्लीत घर मिळालं. त्या जुन्या हवेलीत नाचाचा एक दिवाणखाना होता आणि त्यात चार पांढरे खांब. बोल्शोयच्या ज्या ऑपेरा स्टुडिओत तो तरुण गायकांना शिकवत होता, त्यांच्या तालमी तिथंच व्हायच्या. १९२२ला त्या दिवाणखान्यात, पियानोच्या साथीवर, त्यानं ‘ओनेगिन’ उभं केलं. वेगळा सेट नाही. ते चार खांबच लारिनांच्या घराचा ओटा, तेच नाचघर, तेच पीटर्सबर्गचा महाल. प्रेक्षक हाताच्या अंतरावर. पुढे तोच प्रयोग वाद्यवृंदासह खऱ्या नाट्यगृहात गेला, तर तिथंही खांब बरोबर गेले. मॉस्कोच्या ज्या संगीत नाट्यगृहाला आज स्तानिस्लाव्हस्की आणि नेमिरोविच-दान्चेन्को यांचं नाव आहे, त्याच्या चिन्हात ते अजून आहेत. मी त्या घरात गेलेले नाही, फोटो पाहिलेत. खांब फोटोत वाटतात त्याहून जवळ असावेत.

आपल्या नाट्यशिबिरांत स्तानिस्लाव्हस्कीचं नाव इतक्यांदा घेतलं जातं की तो माणूस ऑपेराच्या तालमींत आयुष्याची शेवटची वीस वर्षं रमला होता, हे विसरायला होतं. त्याचं भांडण कशाशी होतं ते मराठी माणसाला मात्र चटकन कळेल. गायक पुढे येतो, प्रेक्षकांकडे तोंड करतो, वरचा सूर लावतो, टाळी घेतो. मागं मरायला टेकलेलं पात्र तोवर थांबून राहतं. आम्ही तर वन्समोरवर वाढलेली माणसं. नायिका डोळे पुसत पुसत तेच पद तिसऱ्यांदा म्हणते आणि आम्ही चौथ्यांदा मागतो. मला त्यात गैर काही वाटत नाही, खरं सांगायचं तर. पण ‘ओनेगिन’ला वन्समोर परवडत नाही. ती आपल्याला चोरून ऐकायची गोष्ट आहे.

म्हणजे पहिलाच प्रवेश घ्या. दाराआड मुली गातात, इथं पातेल्याशी दोघी बायका बोलतात. आई सांगते, लग्नाआधी मला दुसराच कुणी आवडायचा, सैन्यातला, छानछोकी. मला न विचारता इकडे दिलं, रडले, मग संसार आला, सवय झाली. आणि दोघी मिळून म्हणतात, सवय ही देवाची देणगी, सुखाच्या जागी ती. चार बायका चार वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी गातात. मोठ्या थिएटरात ही चौकडी कानांना गोड लागते, एवढंच. त्या रात्री लारिना माझ्यापासून दोन खुर्च्यांवर बसून स्ट्रॉबेरीची देठं काढत होती. ‘सवय’ हा शब्द आला तेव्हा तिनं एक फळ तोंडात टाकलं. भाची माझ्याकडे वळून कुजबुजली, “आजी!” मी मान हलवली. माझी आई हुबेहूब अशीच सांगायची, भाजी निवडता निवडता, दुसऱ्याच कुणाची गोष्ट असल्यासारखी.

आणि रात्र झाल्यावर दाईची पाळी. तात्याना विचारते, तू कधी प्रेमात पडली होतीस? म्हातारी म्हणते, छे गं, आमच्या वेळी असलं काही ऐकलंसुद्धा नव्हतं. ऐकलं असतं तर सासूनं जिवंत ठेवलं नसतं. तेरा वर्षांची होते, माझा वान्या माझ्याहून लहान. दोन आठवडे मध्यस्थीण येत-जात होती, मग बापानं आशीर्वाद दिला, भीतीनं रडले, वेणी सोडली आणि गात गात देवळात नेलं. पुश्किननं हे १८२०च्या दशकात लिहिलं. हा एक परिच्छेद भाषांतर न करताही मराठी आहे. माझ्या पणजीचं लग्न झालं तेव्हा ती बाराची होती, आणि तिच्या आयुष्यातल्या ‘त्या’ गोष्टीबद्दल तिला कधी कुणी काही विचारलं असेल असं मला वाटत नाही. तात्यानानं विचारलं तरी. उत्तर ऐकायला मात्र ती थांबत नाही. तिच्या डोक्यात तोवर पत्र सुरू झालेलं असतं.

ते पत्र म्हणजे या ऑपेराचा गाभा. चायकोव्हस्कीनं रचायला सुरुवात केली तीच तिथून. साधारण बारा-तेरा मिनिटं एकटी मुलगी. पण पत्र लिहायला बसण्याआधी ती काहीतरी गाते, आणि माझं सगळं म्हणणं त्या ‘आधी’बद्दल आहे, म्हणून इथं जरा रेंगाळते. दाई निघून जाते. मुलगी एकटी उरते आणि उसळून म्हणते: जाऊ दे, नाश झाला तरी चालेल माझा, पण त्याआधी त्या डोळे दिपवणाऱ्या आशेत मी ते अनोळखी सुख हाकारीन. चाल धावती, श्वास पुरत नसल्यासारखी. हे ती कागदावर लिहीत नाही. हे कुणालाच उद्देशून नाही. मग ती बसते, लिहिते, खोडते, फाडते. ती लिहीत असताना ओबो या फुंकून वाजवायच्या वाद्याची एक ओळ पुन्हा पुन्हा येत राहते. गाणं थांबतं तेव्हाही लेखणी चालूच आहे हे आपल्याला त्या ओबोवरून कळतं. पबमध्ये ओबो नव्हता. क्लॅरिनेटवाला तात्यानाच्या खुर्चीच्या मागेच उभा होता, तिच्या खांद्यावरून वाचत असल्यासारखा. तिच्या बोटाला खरी शाई लागली होती.

भाषेची माझी कुरकुर इथंच. मूळ पत्र सुरू होतं ते ‘तुम्ही’नं. ओळखीच्या, पाहुण्या गृहस्थाला कुलीन मुलगी दुसरं काय लिहिणार. आणि मध्यावर, दुसरा कुणी? नाही, जगात दुसऱ्या कुणालाच मी माझं हृदय दिलं नसतं, असं म्हणताच ती घसरते: ही देवाचीच इच्छा, मी तुझी. तू! तू माझा रक्षक देवदूत आहेस की कुणी कपटी भुलवणारा? पुढच्या ओळी ‘तू’च्या. शेवटी भानावर येते, पुन्हा ‘तुम्ही’वर येऊन म्हणते, तुमच्या सभ्यपणावर भरवसा ठेवते आहे. बाईंनी पाठ करून घेतलं तेव्हा ही दोन सर्वनामं माझ्यासाठी परीक्षेतले दोन गुण होते. इंग्रजीत सगळं ‘यू’. गाणारी मुलगी काय करणार? पण तिनं, किंवा तिच्या दिग्दर्शिकेनं, एक केलं. तिथवर तिची नजर कागदावर होती. त्या जागी तिनं मान वर केली आणि समोरच्या रांगेतल्या एका रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. बाकी काही नाही. माझ्या कानांना ‘तू’ ऐकू आलं.

पुश्किनची आणखी एक गंमत ऑपेरात हरवते. कादंबरीत तो म्हणतो, तात्यानानं पत्र फ्रेंचमध्ये लिहिलं होतं, तिला रशियन धड यायचं नाही, मी आपला कसाबसा अनुवाद देतो आहे. मनातलं सगळ्यात खासगी बोलायला परकी भाषा घ्यावी लागणं हे आपल्याकडच्या दोन पिढ्यांना नव्यानं सांगायला नको.

रुक्मिणीनं पत्र पाठवलं तर कृष्ण रथ घेऊन हजर झाला. शकुंतलेची गोष्ट इथं जास्त जुळते. ती नखांनी कमळाच्या पानावर लिहिते, पोपटाच्या पोटासारखं मऊ पान, आणि सख्यांना वाचून दाखवते. १८८०च्या ऑक्टोबरात पुण्यात किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ गाऊन दाखवलं, म्हणजे मॉस्कोच्या त्या विद्यार्थ्यांनंतर दीड वर्षानं. पण फरक पाहा. शकुंतला पत्र वाचत असते तेव्हा दुष्यंत झाडाआड उभा आहे. तो ऐकतो आणि पुढे होतो. पुढे तो तिला विसरतो, ओळखत नाही म्हणतो, ते सगळं खरं. पण त्या क्षणी तो तिथं होता. ओनेगिन नव्हता. त्याला पोचला तो कोरडा झालेला कागद.

त्याचं उत्तर पुढच्या प्रवेशात. बागेत मुली फळं तोडत गात असतात, आणि तो येऊन म्हणतो, तुम्ही मला लिहिलंत, नाकारू नका. मग नीट, मुद्देसूद बोलतो. संसार करायचा असता तर तुमच्याखेरीज कुणाला निवडलं नसतं. पण मी सुखासाठी घडलेलो नाही. सवय झाली की माझं प्रेम आटेल. मी तुमच्यावर भावासारखं प्रेम करतो, कदाचित त्याहूनही हळवं. स्वतःला आवरायला शिका. पडद्यावर पाहिलेले तिन्ही ओनेगिन इथं प्रवचन देत होते. छाती पुढे, हात मागे. पबमधला तरुण बॅरिटोन, म्हणजे मधल्या पट्टीतला गायक, तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसला, आणि बोलताना त्याला हातांचं काय करावं ते कळेना. शेवटी त्यानं पत्र घडी करून तिच्या तळहातावर ठेवलं. (पुश्किनचा ओनेगिन ते पत्र परत करत नाही, कित्येक वर्षं जपून ठेवतो. दिग्दर्शिकेला हे कुणीतरी सांगायला हवं होतं.) भाची मध्यंतरात म्हणाली, “मावशी, तो वाईट नाहीये गं. एवढं स्पष्ट सांगणारे तरी कुठं मिळतात?” मी काही बोलले नाही. माझ्या पिढीत आम्हाला तो वाईटच हवा असायचा.

आणि वाईट हवा असणारा पहिला माणूस चायकोव्हस्की. ऑपेराचं वेड लागलं त्याच वसंतात त्याला अंतोनिना मिल्युकोव्हा नावाच्या, कॉन्झर्व्हेटरीत शिकलेल्या तरुणीची प्रेमपत्रं आली. त्याचं बायकांवर प्रेम जडणं शक्य नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं. पण इकडे तो तात्यानाच्या पत्राला चाल लावत होता, ओनेगिनच्या थंडपणाची त्याला चीड आली होती, आणि इकडे दुसरं पत्र टेबलावर. आपण ओनेगिन व्हायचं नाही, असं काहीसं त्याच्या मनानं घेतलं. जूनमध्ये तो मॉस्कोजवळच्या ग्लेबोवोला, शिलोव्हस्कींच्या वाडीवर जाऊन बसला आणि महिनाभरात दोन तृतीयांश ऑपेरा लिहून टाकला. जुलैत लग्न केलं. सप्टेंबर संपायच्या आत तो घर सोडून पळाला, स्वित्झर्लंडला, मग इटलीला. १८७८च्या सुरुवातीला सान रेमोत ऑपेरा पूर्ण केला. पुन्हा दोघं एकत्र राहिले नाहीत, घटस्फोटही झाला नाही. अंतोनिना त्याच्यानंतर चोवीस वर्षं जगली आणि १९१७मध्ये वेड्यांच्या इस्पितळात वारली. ओनेगिनच्या नकारानं तात्यानाचं जे झालं त्यापेक्षा या होकारानं अंतोनिनाचं जास्त वाईट झालं. नकाराचं ते भाषण ऐकताना मला तिचीच आठवण येत राहते, आणि त्या अवघडलेल्या बॅरिटोनबद्दल जरा कणव वाटली ती त्यामुळेच.

दुसऱ्या अंकाबद्दल थोडक्यात. सात-आठ माणसांत नाच उभा करणं हा विनोदच व्हायचा, तो थोडा झालाही. त्यांनी सगळ्यांना एका लांब टेबलाभोवती बसवलं होतं. टेबलाची ही कल्पना बहुधा दिग्दर्शक दिमित्री चेर्न्याकोव्हच्या बोल्शोयमधल्या २००६च्या प्रयोगावरून आलेली. त्यात सगळं नाटक जेवणाच्या एका अवाढव्य टेबलाभोवती घडतं आणि द्वंद्वाऐवजी झटापटीत बंदूक सुटते. गालिना विश्नेव्स्काया, जी त्याच रंगमंचावर अनेक वर्षं तात्याना गायली होती, ती ते पाहून एवढी दुखावली की तिनं आपला ऐंशीवा वाढदिवस बोल्शोयमध्ये साजरा करायला नकार दिला. मला चेर्न्याकोव्ह आवडतो, पण तिचंही चुकलं असं म्हणवत नाही.

द्वंद्वात मात्र खोली कामी आली. लेन्स्की आधी आपलं ते प्रसिद्ध गाणं गातो, कुठं गेलात माझ्या वसंताच्या सोन्याच्या दिवसांनो. मग दोन मित्र पाठीला पाठ लावल्यासारखे उभे राहतात आणि शत्रू, किती दिवस झाले आपण शत्रू होऊन, असं म्हणतात. दोघांचे शब्द तेच, चाल तीच, पण एकजण एक पाऊल मागे. एक संपवतो तेव्हा दुसरा अजून म्हणतच असतो. एकमेकांना गाठू शकत नाहीत. एकत्र येतात ते शेवटच्या ‘नाही’वर. हसून टाकायचं का हे सगळं? नाही. नाही. त्यांच्या मधलं अंतर माझ्या पावलांनी चार पावलं भरलं असतं. पिस्तूल नव्हतं. पियानोवाल्यानं झाकण आपटलं आणि साठजण दचकले. हे लिहून दहा-अकरा वर्षं झाली होती तेव्हा, १८३७च्या फेब्रुवारीत, पुश्किन स्वतः पीटर्सबर्गबाहेर बर्फात असाच उभा राहिला आणि पोटात गोळी लागून दोन दिवसांनी गेला. वय सदतीस.

तिसऱ्या अंकात तेच टेबल, वर पांढरी चादर. ग्रेमिन, जाडसर, प्रेमळ, खर्जाच्या आवाजाचा गायक, ओनेगिनच्या खांद्यावर हात ठेवून सांगतो की प्रेमाला वय नसतं, ही माझी बायको, हिनं मला उजेड दाखवला. तो मनापासून सुखी आहे, आणि म्हणूनच ऐकवत नाही. तात्याना दोन वाक्यं बोलून दमल्याचं कारण सांगते आणि उठते. ओनेगिन एकटा उरतो. स्वतःला विचारतो, ही तीच का? मग कबूल करतो, शंकाच नको, प्रेमात पडलो. आणि गायला लागतो: जाऊ दे, नाश झाला तरी चालेल माझा, पण त्याआधी त्या डोळे दिपवणाऱ्या आशेत...

तीच चाल. तेच शब्द. तिच्या खोलीतले, दार लावल्यावरचे, पत्राला हात लावण्याआधीचे.

ऑपेरावर लिहिणारे सगळे हे सांगतात की इथं तात्यानाची चाल ओनेगिनला दिली आहे. काव्यगत न्याय म्हणतात. मीही तसंच समजत होते. त्या रात्री पहिल्यांदा लक्षात आलं की त्याला हे माहीत असणं शक्यच नाही. पत्रातले शब्द असते तर गोष्ट वेगळी. शेवटच्या भेटीत तो पत्रातलेच शब्द उलटे करून तिच्यापुढे ठेवतो. तिनं लिहिलं होतं ‘देवाची इच्छा, मी तुझी’, तो म्हणतो ‘देवाची इच्छा, तू माझी’. ते त्यानं वाचलेलं आहे, ती पाठ केलेली विद्या. ही चाल मात्र कधीच कागदावर आली नव्हती. आपल्या आयुष्यातली पहिली खरी ऊर्मी म्हणून तो जे गातो आहे ते दुसऱ्या कुणाचं तरी आहे, काही वर्षं आधीचं आहे, याचा त्याला पत्ताही नाही. तात्यानाही तिथं नाही, ती गाडीत बसून गेली. म्हणजे त्या क्षणी जगात हे ठाऊक कुणाला? आम्हाला. त्या साठ खुर्च्यांना. आम्ही तिच्या खोलीत होतो, तिच्या बोटांची शाई आम्ही पाहिली होती.

मोठ्या थिएटरात ही खूण रचनाकाराची हुशारी म्हणून कळते. इथं ती एखाद्याचं गुपित आपल्याकडे राहून गेल्यासारखी झाली. त्याला थांबवून सांगावंसं वाटत होतं. अर्थात ते सांगून काय होणार होतं हा प्रश्नच आहे.

तेवढ्यात माझ्या शेजारी हालचाल झाली. त्या रिकाम्या खुर्चीवरचे आमचे कोट कुणीतरी उचलले, मांडीवर घेतले आणि ती बाई बसली. फिलिप्येव्ना. तिचं काम पहिल्या अंकातच संपलेलं. डोक्यावरचा रुमाल सोडून तिनं खांद्यावर टाकला होता. साड्यांच्या दुकानात आपण दुसऱ्याची पिशवी सांभाळतो तसे तिनं आमचे दोन्ही कोट धरले होते. बोटांना अजून लाल डाग.

शेवटचा प्रवेश आम्ही असा पाहिला, तिघी एका रांगेत. तो पायाशी येतो, ती आठवण करून देते, बाग, उंबऱ्यावरची ती मुलगी, तुमचा तो उपदेश. मग दोघं जवळजवळ कुजबुजत म्हणतात, सुख किती शक्य होतं, किती जवळ. तो आता ‘तू’वर आलाय; ती ‘तुम्ही’ सोडत नाही. माझं तुमच्यावर प्रेम आहे, असं मूळ रशियनमध्ये ती म्हणते तेव्हाही ते ‘तुम्ही’च. माझ्या शेजारी म्हातारीचे ओठ हलत होते, ती तात्यानाचे शब्द आवाज न काढता म्हणत होती. तिला ते येत असणारच. पन्नास वर्षांपूर्वी कुठल्या तरी रंगमंचावर तीही तात्याना गायली असेल किंवा गायची राहिली असेल, मी कोण विचारणार.

पुश्किनच्या तात्यानाच्या तोंडी इथं काही ओळी आहेत ज्या चायकोव्हस्कीनं घेतल्या नाहीत. ती म्हणते, हा झगमगाट, ही घरं, हे सगळं मी आत्ता देऊन टाकीन. त्याच्या बदल्यात मला फळीभर पुस्तकं हवीत, ती रानटी बाग, जिथं तुम्हाला पहिल्यांदा पाहिलं ती जागा, आणि ती साधी स्मशानभूमी, जिथं आता माझ्या बिचाऱ्या दाईवर क्रूस आणि फांद्यांची सावली आहे. वर्गात बाईंनी हे कडवं पाठ करून घेतलं नव्हतं, मी नंतर स्वतःच केलं. ते माझ्या डोक्यात रशियनमधून चालू झालं आणि शेजारी ती जिवंत, जॅमचा वास येणारी, माझा कोट धरून बसलेली. त्या रात्रीचं आणखी कुणाला काही माहीत असेल तर हिलाच. पहाटे पत्र हिच्याच हातून तर गेलं होतं, नातवाकडून.

तात्यानानं दार उघडलं. पबमधून फुटबॉलचा आणि ग्लासांचा गोंगाट आत आला, दार मिटलं, थांबला. ओनेगिननं आपली शेवटची ओळ टेबलाच्या कडेला धरून म्हटली, आणि झाकण या वेळी पियानोवाल्यानं हळूच लावलं.

टाळ्या सुरू झाल्या. म्हातारीला नमस्काराला पुढं जायचं होतं. तिनं कोटांची घडी नीट करून माझ्या मांडीवर ठेवली, रुमाल पुन्हा डोक्याला बांधला आणि उठली.